अण्णांची बारी आणि आमचा ॲम्प्लिफायर

आमच्या स्टिरिओला चार भाग आहेत आणि त्यातला एकही बिघडलेला नव्हता. हे मला आज माहीत आहे.

गेल्या वर्षी माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मला त्याहून पुष्कळ जास्त माहीत होतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

चार भाग म्हणजे एक टेप डेक, एक ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर (जोडीने आले, म्हणून एकच धरायचे) आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं ठेवणारी वायर. हा संच मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी घेतला. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या घरी एवढा मोठा संच, हा त्या काळी पेणमध्ये चर्चेचा विषय होता. (निदान मी तरी तो विषय काढत असे.) पुढे मी निवृत्त झालो. संच झाला नाही.

प्रश्न निघाला तो सासऱ्यांमुळे. माझे सासरे, अण्णा, रोह्याचे. उमेदीत ते भजनी बुवा होते. आमच्या बाजूला डबलबारीचं भजन असतं. दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाऊनच उत्तर द्यायचं, आणि मृदंगवाल्याचे हात सुजले तरी कुणी हार मानायची नाही. अण्णांची बारी ऐकायला लोक तीन-तीन गावं चालत यायचे म्हणतात. मी जावई झालो तोवर त्यांनी बाऱ्या सोडल्या होत्या, आणि पाच वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा आवाजही गेला. आता ते बोलतात ते सुकलेल्या पेंढ्यावरून कुणी चालावं तसं. लांबच्याला हाक मारायची तर टाळी वाजवतात.

त्यांच्या गाण्याची एकच खूण उरली होती. एक कॅसेट. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा सप्ताहाच्या सांगतेला भरलेली. माझ्या बायकोला, सुनंदाला, ती माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडली. एका बाजूवर तिच्या काकांच्या अक्षरात ‘डबलबारी, अण्णा’ असं लिहिलेलं. दुसऱ्या बाजूवर काहीच नाही.

अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सुनंदाने ठरवून टाकलं.

“त्या रविवारी अण्णांना इथं आणायचं आणि त्यांचा आवाज त्यांना ऐकवायचा. मी पण तेव्हाच ऐकणार, त्यांच्या शेजारी बसून. तोवर माझ्या कानावर पडू द्यायचा नाही.”

“बरं.”

“आणि अहो, कॅसेट एकच आहे. तिला काही झालं तर...”

(पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. आमच्या संसारात ही वाक्यं कधीच पूर्ण होत नाहीत. गरज पडत नाही.)

मी कॅसेट लावून पाहिली. आवाज बसका आला. आता याचं कारण साधं होतं. टेप चाळीस वर्षांची, आणि ती भरणारे काका मंडपात बहुधा सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसलेले. पण साधं कारण शिकलेल्या माणसाला पुरत नाही. मी जाहीर केलं, “सिस्टीम अपग्रेड करायला हवी. प्रश्न एवढाच, की कुठला भाग?”

हा प्रश्न मी चुकून मेहुण्याला फोनवर विचारला.

दिलीप हा सुनंदाचा धाकटा भाऊ. रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. चार वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस चांगला होता. मग त्याने एक महागडा स्पीकर घेतला आणि तो ऐकायला शिकला. तेव्हापासून तो गाणं ऐकत नाही. डोळे मिटतो, दोन बोटं हवेत धरतो आणि गाण्याच्या मागे, पुढे, वर, खाली काय-काय आहे ते आपल्याला सांगतो. त्याच्याकडे चहाला गेलं की कपाआधी एक उशी मिळते. ती डोक्यामागे घेऊन खोलीत खडूने आखलेल्या चौकोनात बसायचं. चौकोनाबाहेर बसणाऱ्याशी तो बोलतो, पण आदराने बोलत नाही.

पुढच्याच सुट्टीला तो वडखळच्या गर्दीत अडकून, घामाघूम होऊन पेणला हजर झाला. खांद्याला पिशवी. पिशवीत वायरचं वेटोळं. वायर कसली, अजगराचं पिल्लू!

“भाऊजी, आधी ऐकू द्या. मधे बोलू नका.”

मी कॅसेट लावली. सुनंदाने स्वयंपाकघराचं दार लोटून मिक्सर सुरू केला. (त्या अडीच महिन्यांत आमच्याकडे जेवढी चटणी झाली तेवढी आम्ही संसारात खाल्ली नव्हती.) बुवांनी आलाप घेतला. दिलीपने डोळे मिटले. बोटं वर गेली.

“हं. बंदिस्त आहे.”

“काय बंदिस्त आहे?”

“साउंडस्टेज. मृदंग बुवांच्या मांडीवर बसलाय.”

“मंडप लहान असेल.”

“चेष्टा नका करू. वायर बदला. तुमची वायर म्हणजे इस्त्रीची वायर आहे. सिग्नल गुदमरतो तिच्यात.”

“आणि अण्णांचा आवाज कसा वाटला?”

दिलीपने डोळे उघडले आणि माझ्याकडे कीव करून पाहिलं. “भाऊजी, मी आवाज ऐकत नाही. साउंड ऐकतो.”

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

मला ढोंगाचा मनापासून तिटकारा आहे. उभा जन्म मी राजे-महाराजांच्या पदव्या फळ्यावर लिहून, त्याखाली त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते लिहिण्यात घालवला. (दुसरी यादी नेहमी छोटी भरते.) तेव्हा उशी आणि खडूच्या चौकोनाला मी काय दाद देणार! मी ठरवलं, याला शास्त्राने हरवायचं. ग्रंथालयातून आवाजाच्या शास्त्रावरची पुस्तकं आणली. त्यांवरून वह्या भरल्या. सहा आठवड्यांनी माझ्या हाती सत्य आलं, की दोष ॲम्प्लिफायरचा आहे. दिलीप मूर्ख आहे हेही हाती आलं होतं, पण त्याला सहा आठवडे लागले नव्हते.

“सुनंदा, ॲम्प्लिफायर!”

“तो तर चालू आहे की.”

“चालू असणं वेगळं आणि न्याय देणं वेगळं.”

“मोबाईलमध्ये भरून घेऊ या का आधी? निदान एक प्रत तरी राहील.”

घरात या अडीच महिन्यांत बोललं गेलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. ते ऐकून दिलीप फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडला, की फोनची गरज नव्हती. रोह्याहून थेट ऐकू आलं असतं.

“ताई! डिजिटलमध्ये आत्मा जातो!”

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी सहमत झालो. दोन मूर्ख सहमत झाले, की घरातल्या शहाण्या माणसाला गप्प बसावं लागतं. सुनंदा गप्प बसली.

पण नुसती बसली नाही. आपल्या हातात काय आहे ते तिने पाहिलं. स्पीकरच्या खोक्यांचा रंग उडाला होता, कोपरे फुटले होते. पाहुण्यांसमोर ही लाज नको म्हणून तिने शेजारच्या काशीभाऊंना हाक मारली.

काशीभाऊंचा जवळच्या जोह्याला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. घर मात्र आमच्या शेजारी. त्यांच्या हातचं फिनिशिंग पेण-हमरापुरात नावाजलेलं. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर खड्डा, चीर, भोक दिसलं, की त्यांचा हात आपोआप प्लास्टरच्या घमेल्याकडे जातो. भोक बुजवायचं, पॉलिश पेपर मारायचा, हात फिरवून पाहायचं, मग रंग. चाळीस वर्षं हेच. गणपतीच्या अंगावर भोक राहिलं तर गिऱ्हाईक मूर्ती परत करतं.

“वैनी, काळजी नको. नवीन करून देतो. मोसम सरलाय, हात रिकामाच हाय.”

मी बाजारात गेलो असताना दोन्ही स्पीकर टेम्पोतून जोह्याला गेले आणि चार दिवसांनी परत आले. काय सांगू! पितांबराला देतात ती सोनेरी कड दोन्ही खोक्यांना! काशीभाऊंनी ते स्वतः जागेवर ठेवले, भिंतीला टेकवून. लाल वायर लाल खाचेत, काळी काळ्या खाचेत, हे सुनंदाने पाहिलं. मी समोरून पाहिलं आणि मान डोलावली. मागे जाऊन पाहायचं मला सुचलं नाही. समीक्षक नेहमी समोर बसतो.

दुसऱ्या दिवशी दिलीप येऊन धडकला. नवा ॲम्प्लिफायरही त्याच सकाळी आला होता. मी म्हटलं, “आज निकाल लावू. तू म्हणतोस वायर, मी म्हणतो ॲम्प्लिफायर. डोळ्याला पंचा बांध. मी एकदा जुनी वायर लावीन, एकदा तुझी. कुठली कधी, ते तू सांगायचं.”

“लगेच सांगतो.”

मी त्याच्या डोळ्याला पंचा करकचून बांधला. कॅसेट लावली. थांबवली. थोडी खुडबुड केली, खुर्ची सरकवली, एकदा “आई गं” म्हणालो आणि पुन्हा लावली. असं पाच वेळा.

“ही जुनी!” दिलीप म्हणाला. “गुदमरतेय.”

“बरं. आता?”

“हां! ही माझी! ओहोहो, बघा, पडदा बाजूला झाला. मृदंग मांडीवरून उतरला, भाऊजी!”

“कुठे बसला?”

“डावीकडे. दोन हात मागे.”

पाचव्या वेळी तर त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पंचा भिजला. “अण्णा... अण्णांचा आवाज कसा खुललाय! समोर बसलेत असं वाटतंय!”

मी पंचा सोडला. त्याचं अजगराचं पिल्लू पहिल्यापासून माझ्या मांडीवर होतं. त्याची गाठसुद्धा मी सोडली नव्हती.

त्या क्षणाचं सुख मी शब्दांत सांगू शकणार नाही. (पुढे सांगितलं. सविस्तर. तोच तर घोटाळा झाला.) दिलीप रागाने काळा-निळा झाला, वायर पिशवीत कोंबली आणि म्हणाला, “तुमचा ॲम्प्लिफायर लावून दाखवा मग!”

मी नवा ॲम्प्लिफायर लावला. कॅसेट सुरू केली. आणि खरोखर, मृदंगाचा घुमारा एकदम आटोपशीर! जुन्या संचात तो भोपळ्यासारखा घुमायचा, आता सुपारीसारखा टणक! (पंचाच्या पाचही वेळी माझं लक्ष मृदंगाकडे नव्हतं, दिलीपच्या तोंडाकडे होतं.) मी खुर्चीत मागे रेललो. नंतर सुनंदाने सांगितलं, की तेव्हा माझे डोळे मिटलेले होते आणि दोन बोटं हवेत होती. मी हे नाकारतो.

“ऐकलंस?” मी म्हणालो. “याला म्हणतात पकड. हे ॲम्प्लिफायरचं काम.”

असा शोध लागल्यावर माणूस स्वस्थ बसत नाही. दिलीप तणतणत रोह्याला गेला आणि मी डेकसमोर एकटा उरलो. मनात आलं, ही सगळी चाचणी, तिची पद्धत, दिलीपची फजिती, माझा निष्कर्ष, सगळं आपल्या आवाजात नोंदवून ठेवावं. इतिहासाचा माणूस आहे, साधन मागे ठेवायची सवय. घरात दुसरी कॅसेट नव्हती. पण अण्णांच्या कॅसेटची मागची बाजू होती की! लिहिलेलं काही नाही, म्हणजे रिकामी. जे लिहून ठेवलेलं नाही ते घडलंच नाही, हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं.

डेकचं रेकॉर्डचं बटण दाबलं जाईना. पाहतो तर कॅसेटच्या वरच्या कडेला जी प्लास्टिकची टिकली असते ती कुणीतरी मुद्दाम तोडलेली, आणि तिथे छोटं चौकोनी भोक. पुस्तकात उपाय होता. भोकावर सेलोटेप लावली. बटण दाबलं गेलं. मी घसा साफ केला आणि चार मिनिटं बोललो. मग दारावर इस्त्रीवाला आला म्हणून बंद केलं. सेलोटेपही काढून टाकली. नीटनेटकेपणा अंगात आहे.

रविवार उजाडला. अण्णा आले. पांढरा सदरा, टोपी, आणि दिलीपचा हात धरून. दिलीप माझ्याशी बोलत नव्हता, म्हणून वातावरण प्रसन्न होतं. काशीभाऊ पेढे घेऊन आले आणि आपल्या सोनेरी कडेकडे कौतुकाने बघत दाराशी टेकले. सुनंदाने अण्णांना ओवाळलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी बसली. अडीच महिने मिक्सर लावून थोपवलेला तो आवाज आता ती ऐकणार होती. मिक्सरचा प्लग तिने स्वतः काढून ठेवला होता. मी पाहिलं, आणि मला क्षणभर वाटलं, की आपण भाषण न करता नुसतं बटण दाबावं.

मी भाषण केलं. छोटंच. मग बटण दाबलं.

आलाप आला. मृदंगावर पहिली थाप पडली. आणि थापेबरोबर डाव्या स्पीकरमधून आवाज आला, खर्रर्र! दुसरी थाप, खर्रर्र! बुवांचा खालचा सूर लागला तर त्याच्याबरोबरही घर्रर्र, जणू बुवांच्या घशात लाकडाचा भुसा भरलाय!

“वायर!” दिलीप उडी मारून उठला. “सांगितलं होतं! इस्त्रीची वायर!”

“गप्प बस! नवा ॲम्प्लिफायर आहे, त्याला तापायला वेळ लागतो!” (हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.)

“तापायला तो काय बंब आहे?”

“अहो, कॅसेटला काय केलंत तुम्ही?” सुनंदाचा आवाज फुटला. “एकच होती हो!”

आणि या सगळ्या कल्लोळात टाळ्या ऐकू आल्या. पाहतो तर अण्णा! खुर्चीत पुढे वाकलेले, टाळ्या वाजवतायत आणि हसतायत! आवाज नसलेलं ते हसू, नुसतं वारं निघत होतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बसला!” ते खरखरत्या आवाजात म्हणाले. “म्हादूचा घसा बसला! आरं, चाळीस वर्सांनी का होयना, बसला!”

मी टेप थांबवली.

“कुणाचा घसा, अण्णा?”

“म्हादूबुवाचा. नागोठण्याचा. माज्यासमोर बसला व्हता त्या रातीला. काय गो सुनंदा, तुला आठवत नाय म्हादूबुवा?”

सुनंदा दोन ओळी ऐकल्या तेव्हाच ताठ झाली होती. ती सावकाश म्हणाली, “हे अण्णा नाहीतच. मला वाटलं, टेप खराब झाली म्हणून आवाज असा लागतोय.” मग ती आमच्याकडे वळली. “अडीच महिने तुम्ही हे ऐकत होतात?”

मी दिलीपकडे पाहिलं. दिलीपने छताकडे पाहिलं. ज्या तयार कानांना मृदंग दोन हात मागे सरकलेला समजत होता, त्यांना अडीच महिने स्वतःचा बाप आणि बापाचा हाडवैरी यांतला फरक समजला नव्हता. पंचा भिजेपर्यंत रडला होता तो म्हादूबुवासाठी!

“मी तेव्हा आठ वर्षांचा होतो,” दिलीप पुटपुटला.

“आन् मंडपात झोपला व्हतास,” अण्णा म्हणाले.

तोवर काशीभाऊ डाव्या स्पीकरजवळ जाऊन बसले होते. त्यांनी खोका भिंतीपासून ओढला, मागे कान लावला आणि बोटाने टकटक केलं. खडखड वाजलं.

“अरेच्चा. प्लास्टर सुटलंय.”

“कसलं प्लास्टर?”

“मागं भोक व्हतं ना, सर. मोठं. वाटीएवढं. उंदरानं पाडलेलं. आत पेपर कोंबला आन् प्लास्टर भरलं. वल्लं व्हतं तवा बसलं, वाळल्यावर सुटलं.”

“भोक? दोन्ही स्पीकरना होतं का?”

“व्हय. दोनीना. येकाच जागी.”

“काशीभाऊ, उंदीर इतकं गोल भोक पाडतो? दोन खोक्यांना, एकाच जागी, आत प्लास्टिकची नळी बसवून?”

“मला बी नवल वाटलं,” काशीभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. “पण म्हटलं, कॉलेजातल्या मानसाच्या घरचा उंदीर.”

मी कपाळाला हात लावला. ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. खर्जाचा आवाज तिथूनच मोकळा होतो. काशीभाऊंनी बुजवल्यावर मृदंग सुपारीसारखा टणक झाला, आणि मी ती सुपारी ॲम्प्लिफायरच्या नावावर जमा केली! माझ्या सहा आठवड्यांच्या वह्या, माझी पकड, माझा निष्कर्ष, सगळं एक ओंजळ प्लास्टर होतं. मी संतापलो. (स्वतःवर संतापायचं असलं, की मला नेहमी दुसरा माणूस लागतो.)

“एखादी वस्तू कशासाठी आहे ते ठाऊक नसताना माणूस तिला हात लावतोच कसा? भोक दिसलं की बुजव! विचारायचं तरी!”

काशीभाऊंनी ऐकून घेतलं. खिशातून कोरणी काढली, दोन्ही खोक्यांतून प्लास्टरच्या चकत्या आणि वर्तमानपत्राचे बोळे ओढून काढले, आणि हात झटकत म्हणाले, “झालं मोकळं. लावा आता बुवांची बारी.”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “उलटी करा. मागच्या बाजूला मी हाय. पैली बारी म्हादूची, दुसरी माजी. भावानं नाव कुटं लिवायचं ते बी चुकवलं. पण कोणी पुसू नये म्हणून वरच्या टिकल्या मी हातानं तोडल्यात. दोन्ही बाजूच्या.”

मला कॅसेटच्या कडेचं ते चौकोनी भोक आठवलं. आता ते वाटीएवढं वाटलं.

“अण्णा,” मी म्हणालो, “आधी जेवून घेऊ या का?”

“अहो,” सुनंदा म्हणाली.

एवढंच म्हणाली. मी कॅसेट उलटी करून सुरुवातीपर्यंत गुंडाळली. तिने मोबाईल काढून स्पीकरसमोर धरला. आत्म्याचं काय व्हायचं ते होवो, आता ती कुणाला विचारणार नव्हती. मी बटण दाबलं.

खोलीत एक भारदस्त, स्वतःवर खूश असलेला आवाज घुमला. नळ्या मोकळ्या झाल्यामुळे खर्ज फार सुंदर आला.

“आजच्या चाचणीत माझे मेहुणे यांच्या कर्णेंद्रियाची जी शोभा झाली...”

त्या आवाजाने दिलीपची यथेच्छ टवाळी केली. पद्धत सांगितली. ‘पकड’ हा शब्द सहा वेळा वापरला. चार मिनिटं म्हणजे किती असतात, हे मला त्या दिवशी कळलं. सुनंदाने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिचे डोळे भरले होते. “अण्णांची सुरुवात गेली,” ती हळूच म्हणाली. “त्यावर हे आहे.”

“टिकली तोडलेली असताना भरलं कसं?” दिलीपने विचारलं. आठवड्यात पहिल्यांदा तो माझ्याशी न ओरडता बोलला.

“भोक होतं,” मी म्हणालो. “त्यावर सेलोटेप लावली.”

दाराशी काशीभाऊ खाकरले. “म्हंजे तुमी बी बुजवलंत, सर.”

तेवढ्यात टेपवरचा मी समारोपाला आला.

“तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. या घरात एकच घटक असा आहे जो नुसती जागा अडवतो, उगीच तापतो आणि कामापेक्षा आवाज जास्त करतो. तो बदलल्याशिवाय इथं कुणालाही सुख लागणार नाही. तो घटक म्हणजे...”

खट्ट.

इस्त्रीवाला!

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य पूर्ण करायची गरज कुणालाच वाटली नाही.

आणि तोच, अर्ध्या ओळीपासून, एक आवाज वर चढला. बसका नव्हता, बंदिस्त नव्हता. मागच्या खांबापर्यंत पोचलेला, स्वच्छ, तरणा, समोरच्याला खेचून उत्तर मागणारा आवाज. तो कुठल्या वायरमधून येतोय हे दिलीपनेही विचारलं नाही. सुनंदाने अण्णांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. अण्णांनी डोळे मिटले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती आणि ओठ हलत होते, आवाज न करता, प्रत्येक शब्दाबरोबर.

बारी संपली तेव्हा जेवण निवून गेलं होतं.

“माफ करा, अण्णा,” मी म्हणालो. “सुरुवात माझ्यामुळे गेली.”

“जाऊ दे, जावईबापू. सुरवातीला माजा सूर लागायचाच नाय कधी.” हे खोटं होतं, आणि मला ते कळेल अशा बेताने ते बोलले.

“ताई, मोबाईलवरचं भाऊजींचं भाषण कापून टाकू का?” दिलीपने आशेने विचारलं.

सुनंदा काही म्हणणार तोच अण्णांनी टाळी वाजवली.

“कापू नको. ऱ्हाऊ दे. बारी म्हटली की समोर कोन तरी लागतोच की.”

तीच फीत आता रोह्यातल्या प्रत्येक नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये आहे, ‘डबलबारी : अण्णा आणि जावई’ या नावाने. लग्नामुंजीत भेटलेले लोक मला ती आवडली म्हणून सांगतात. कोण जिंकलं, असं अजून एकानेही विचारलेलं नाही.